रोपांच्या ट्रेला खालून पाणी कसं द्यायचं

शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं करताना झारीने पाणी मारलं की ट्रेच्या कडेचे कप्पे दुपारपर्यंत सुकतात, मधल्यांचा चिखल होतो आणि मग मर लागून तीच रोपं बुडातून कोलमडतात. यावर मला पटलेला उपाय म्हणजे ट्रेखाली ओलं फेल्ट (नमद्यासारखं जाड, पाणी शोषणारं कापड). दिव्याची वात तेल ओढते ना, अगदी तसंच, कप्प्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सुकेल तसं खालून पाणी ओढून घेतं.

आधी टेबल पाणसळ लावून सपाट करा, यात कंटाळा नको, उतार असला तर एका बाजूची रोपं पाण्यात आणि दुसरीकडची तहानलेली राहतात. टेबलावर प्लास्टिकचा कागद, त्यावर 3-4 मिमी जाडीचं फेल्ट (जुनी सुती चादर दुहेरी करून पण चालते, फक्त ती लवकर कुजते), आणि फेल्टचं एक टोक शेजारच्या पाण्याच्या टबात सोडायचं. टबातलं पाणी टेबलापेक्षा 5-7 सेंटीमीटरच खाली ठेवा, जास्त खाली गेलं की फेल्टला ते वर ओढायला जड जातं.

आता खरी मेख. सुरुवातीला फेल्ट पूर्ण भिजवायचं आणि ट्रेला पण एकदा वरून भरपूर पाणी द्यायचं, कारण कोरडं कोकोपीट खालून पाणी घेतच नाही, ट्रे चार दिवस ठेवला तरी वरचा थर कोरडाच राहतो. ट्रे ठेवताना हलका दाबा, प्रत्येक कप्प्याचं भोक फेल्टला टेकलं पाहिजे. मग रोज एखादा ट्रे उचलून हातात वजन बघत जा, हलका लागला तर कुठेतरी संपर्क तुटलाय.

फेल्टचा उघडा भाग काळ्या प्लास्टिकने झाका, नाहीतर शेवाळ धरतं. खत टबात टाकू नका. पाणी खालून वर जात राहिल्याने क्षार वर साचून पांढरी पापडी दिसते, त्यासाठी आठवड्यातून एकदा वरून साधं पाणी, खालून निथळेपर्यंत. मुळं फेल्टमध्ये घुसतात म्हणून तीन-चार दिवसांनी ट्रे उचलून परत ठेवायचे.

लागवडीच्या चार-पाच दिवस आधी ट्रे फेल्टवरून काढा आणि पाणी कमी करत न्या, म्हणजे रोपं काटक होतात. मोकळं झालेलं फेल्ट धुऊन कडक उन्हात वाळवा, मगच पुढची बॅच.