फायरवॉलचे रिकामे पोर्ट स्विच म्हणून वापरायचे का? नवीन पोरांसाठी थोडा अनुभव

कोल्हापूरकडच्या शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या छोट्या कारखान्यांची नेटवर्कं बघायचं काम मी करतो. या लाईनीत नवीन आलेलं पोरगं एक प्रश्न हमखास विचारतं, "दादा, फायरवॉलच्या बॉक्सला सहा पोर्ट हायत, वापरलेत दोनच, मग वेगळा स्विच कशाला?" मालकपण हेच विचारतो, त्यामुळं उत्तर पक्कं पाहिजे.

आधी बघायचं की आत स्विच चिप आहे का. घरच्या वायफाय राउटरचे लॅन पोर्ट सहसा अशा चिपलाच जोडलेले असतात, तिथं प्रश्नच नाही. पण पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स (ही फायरवॉलची सॉफ्टवेअरं) टाकलेल्या मिनी पीसीत बहुतेक वेळा प्रत्येक पोर्ट म्हणजे वेगळं नेटवर्क कार्ड असतंय. ते एकत्र करायचे तर ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरनं पोर्ट जोडून केलेला स्विच, बनवावा लागतो आणि मग शेजारशेजारच्या दोन पीसींमधलं प्रत्येक पॅकेटसुद्धा सीपीयूतून जातं. स्विच तेच काम मॅक ॲड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बघून हार्डवेअरमध्ये करतो, फायरवॉलला त्याचा भारच नाही.

म्हणून एका फाउंड्रीच्या ऑफिसात आम्ही थंब मशीन आणि प्रिंटर ब्रिजवर ठेवले, त्यांचं ट्रॅफिक असतंय किती, आणि टॅलीचा सर्व्हर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा बॉक्स), कॅमेरे सगळं स्विचवर घेतलं. कॅमेऱ्यांना तसापण पीओई (नेटवर्क केबलमधूनच मिळणारा वीजपुरवठा) लागतो, आणि तो अशा बॉक्सच्या पोर्टातून सहसा मिळत नाही.

तरी ब्रिज एकदा स्वतःच्या हातानं करूनच बघा, राउटिंग आणि स्विचिंगमधला फरक त्यानं जेवढा डोक्यात बसतो तेवढा क्लासच्या नोट्सनं बसत नाही. आयपी ब्रिजला द्यायचा, त्यातल्या पोर्टांना नाही, आणि डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी देणारी सेवा) पण ब्रिजवरच चालू करायचा. मग ओपीएनसेन्सच्या ट्युनेबल्समध्ये (सिस्टीमच्या आतल्या सेटिंग्ज) जाऊन net.link.bridge.pfil_member ला 0 आणि net.link.bridge.pfil_bridge ला 1 करायचं, म्हणजे फायरवॉलचे रूल ब्रिजवर लागतात, नाहीतर प्रत्येक पोर्टला वेगळे रूल लिहीत बसायला लागतंय, आणि ते नसले की केबल लावली, लाईट लागली, पण पिंग काय जात नाही, अशी गत होते. हे सगळं करताना लॅपटॉप ब्रिजमध्ये न घेतलेल्या पोर्टवर ठेवा, आणि तिथून लॉगिन होतंय हे आधीच बघून घ्या, म्हणजे मधेच बाहेर पडायची वेळ येत नाही.

मालकाला एक गोष्ट मात्र आधीच सांगायची. अपडेटसाठी फायरवॉल रीस्टार्ट केला की ब्रिजवरचा प्रिंटरपण तेवढा वेळ बंद. स्विचवर असता तर नेट गेलं असतं पण ऑफिसातली प्रिंट निघाली असती. महिनाअखेरीला चलनं, बिलं छापायच्या गडबडीत याचं महत्त्व कळतं. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच काय लई महाग येत नाही, त्यामुळं दोन-तीन हलक्या वस्तूंच्या पुढं गेलं की मी सरळ स्विचच घ्यायला सांगतो. आणि तो स्विच ब्रिजला जोडताना एकच केबल लावा, दोन लावल्या आणि एसटीपी (लूप आपोआप तोडणारी सोय) चालू नसला तर लूप होऊन, म्हणजे पॅकेटं गोल फिरत राहून, अख्खं ऑफिस बसतंय.