परसातला आंबा: पाड लागेपर्यंतची तयारी

आंब्याची कीड रोखायच्या तयारीला मोहोर दिसल्यावर लागलात तर उशीर झालेला असतो, कारण सगळ्यात उपयोगाची वस्तू मिळते जून-जुलैत. तेव्हा कडुनिंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा असतो. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत कडकडीत वाळवा आणि गोणपाटाच्या पिशवीत टांगा. प्लॅस्टिकमध्ये बुरा येतो. दहा लिटरच्या दोन फवारण्यांना किलोभर पुरतात.

त्याच सुमारास, आंबे उतरवून झाले की, झाडाच्या मधल्या दाट फांद्या विरळ करा. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे तिथल्या दमट सावलीत आणि सालीच्या भेगांत राहतात. कापलेल्या जागी बुरशी रोखणारे बोर्डो मलम हवे: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या. लोखंडी बादलीत मलम बिघडते.

पावसाळ्यात बुंध्याभोवती रोज नजर टाका. भुसा पडलेला दिसला तर भिरुड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली आहे. छिद्रात टोक वाकवलेली तार घालून अळी ओढून काढा, रॉकेलचा बोळा सारा, वर चिखल लिंपा. नुसता चिखल लावला तर अळी आतून पोखरत राहते.

मोहोराचे कोंब फुटू लागले की ५०० ग्रॅम निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पिळा, गाळा, दहा लिटर करा, २० ग्रॅम साबण विरघळवा. साबण नसेल तर द्रावण पानावरून ओघळून जाते. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा, कारण उन्हात अर्काची ताकद जाते. मोहोर फुललेला असताना मात्र पंपाला हातच लावू नका. परागीभवन माश्या करतात, त्या गेल्या तर फळच धरणार नाही. दुसरी फवारणी वाटाण्याएवढी फळे दिसल्यावर.

फळ अंड्याएवढे झाले की पिशव्या घाला. वर्तमानपत्राची, २५ बाय २० सेंटीमीटरची पिशवी पुरते. तोंड देठाशी घट्ट चुरगाळून सुतळीने बांधा. फट राहिली तर फळमाशी आत शिरते. एवढ्या पिशव्या डिसेंबर-जानेवारीतच चिकटवून ठेवा, ऐनवेळी होत नाहीत.

शेंड्यापर्यंत हात पोचत नाही, म्हणून फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या द्रव्याचा, ‘रक्षक’ नावाचा सापळा लागतो. परसात एक पुरे; सावलीतल्या फांदीला, डोक्याच्या उंचीवर टांगा. पण सापळ्यात नरच येतात. शेजारच्या वाडीतून फळलेली मादी आली तर ती तुमच्याच आंब्यात अंडी घालणार, आणि सापळा भरलेला दिसतो म्हणून लोक तिथेच निर्धास्त होतात.

आमच्या मते खरा बंदोबस्त आहे तो गळालेल्या फळांचा. अळी सडक्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करते, आणि दहाबारा दिवसांत नवी माशी उडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी पडलेली फळे गोळा करा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. जाड काळ्या पिशवीत तोंड बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरून माती दाबून बसवा. शेजारच्या घरीही झाड असेल तर त्यांनाही याच वेळी हे काम करायला सांगा.