आधी चुलवाण वाळवा, मग उसाला कोयता लावा

परतीचा पाऊस दक्षिण महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो, पण जाता जाता दोन-चार दिवस झोडपल्याशिवाय जात नाही. नेमकी याच दिवसांत गुऱ्हाळाची जुळवाजुळव चालू असते. दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. घाण्याला ग्रीस भरलं, काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, घासून झाली, माणसं ठरली. काहिलीखालची भट्टी म्हणजे चुलवाण आणि रस काढून उरलेला, जळणाला लागणारा चोथा म्हणजे चिपाड, ही दोन्ही मात्र ओलीच.

हे मी दरवर्षी बघतो. गूळ बसला नाही, रवा (गुळाची ढेप) पाझरला, रंग काळा आला, असं सांगत माणूस येतो. उसाची जात, खत, पाणी, गूळ करणारा गुळव्या, सगळ्यांना बोल लावून होतो. मी एकच विचारतो, पहिल्या आधणाला, म्हणजे काहीलभर रसाला, उकळी किती वेळात फुटली? बहुतेक वेळा उत्तर येतं, "दीड-दोन तास लागले की." मग पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. जळण ओलं होतं किंवा चुलवाणाच्या बुडाला पाझर होता.

उसाचा रस मुळात आंबट असतो, सामू (पीएच) ५.२ ते ५.४ च्या आसपास. असा आंबट रस मंद आचेवर तासन् तास रटरटत राहिला की त्यातली साखर फुटते आणि तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. ही फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते. असा गूळ, पाक ओतून निववतात त्या वाफ्यात घट्ट होत नाही आणि पावसाळ्यात तर कापडातून गळतो. याउलट आच जोरकस असली तर अडीच-तीन तासांत आधण उतरतं आणि साखर फुटायला सवडच मिळत नाही. गुळाचा दाणा, रंग, टिकाऊपणा, सगळं त्या अडीच तासांत ठरतं.

घाण्यातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. एक किलो ओलं चिपाड चुलवाणात टाकलं की आधी त्यातलं अर्धा लिटर पाणी उडवायला आच खर्च होते, उरलेली काहिलीला. उन्हात कडक वाळलेल्या एका किलोपासून जेवढी आच मिळते, त्याच्या साधारण निम्मीच ओल्या किलोपासून मिळते. वर धूर होतो तो वेगळाच, आणि जळण घालणाऱ्याच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही.

माझ्या पहिल्या चुलवाणात हीच चूक झाली. पाणी जवळ पडतं म्हणून विहिरीच्या अंगाला चार फूट खड्डा घेतला. परतीच्या पावसानंतर राखेच्या खड्ड्यात चार बोटं पाणी साचलं होतं, ते उपसलं आणि तसाच जाळ घातला. पाच तास झाले तरी पाक येईना. गुळव्यानं गार पाण्यात गोळी टाकून बघितली, तर ती बोटाला लोण्यासारखी लागत होती. तिथंच उभ्या असलेल्या एका विक्रेत्यानं पांढऱ्या पावडरीची पुडी काढून दिली, "टाका, रंग उजळेल." टाकली. रंग उजळला, पण गूळ मऊ तो मऊच. आषाढात त्याच्या रव्यांखाली काळं पाणी साचलं आणि सगळा माल गुरांच्या खाद्यात गेला. तेव्हापासून मी चुलवाण बांधायच्या आधी जमिनीत खड्डा घेऊन बघतो.

आधी हा खड्डा घ्या

चुलवाण जिथं बांधायचं तिथं चार फूट खोल, हातभर रुंद खड्डा घ्या. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी पाणी दिसलं किंवा मातीचा लाडू वळला, तर ती जागा सोडा. नदीकाठच्या मळीच्या रानात आणि काळ्या जमिनीत ऑक्टोबरमध्ये बहुतेक ठिकाणी हेच दिसेल. तिथं खोदू नका. मुरूम टाकून दोन फूट ओटा उचला आणि चुलवाण जमिनीच्या वर बांधा. जळण घालणाऱ्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतील, एवढंच. मुरमाड चढाची जागा मिळाली तर देवच पावला म्हणायचा.

चारी बाजूंनी राखखड्ड्याच्या तळापेक्षा वीतभर खोल चर काढा आणि तो उताराकडं नेऊन सोडा. या चराचा खर्च एका मजुराची दोन दिवसांची हजेरी. बहुतेक जण नेमका हाच वाचवतात.

अर्ध्या टनाचं घरगुती चुलवाण

हजार-बाराशे लिटरच्या काहिलीचं गुऱ्हाळ सगळ्यांना परवडत नाही. स्वतःच्या पाच-दहा गुंठ्यांच्या उसाचा गूळ किंवा काकवी करून घरून विकणाऱ्यासाठी लहान माप सांगतो. दिवसाला अर्धा टन ऊस धरा. त्याचा रस ३०० लिटरच्या आसपास, गूळ ५० ते ५५ किलो. उडवायचं पाणी अडीचशे लिटरच्या जवळपास.

काहील पाच फूट व्यासाची, सपाट बुडाची. अशा काहिलीत ३०० लिटर रस साडेसहा इंच उभा राहतो. कड मात्र दीड फुटाची हवी, कारण उकळी फुटली की फेस दुपटीनं वर येतो. पत्रा लोखंडी चालेल, ऐपत असेल तर स्टेनलेसचा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात नको, आंबट रसात जस्त उतरतं. तेलाचे किंवा औषधाचे जुने पिंप कापून केलेली काहीलही नको, मग ती कितीही स्वस्त पडो.

चुलवाणाची मापं अशी. ही माझ्या अनुभवाची आहेत, गवंड्याला जागा बघून इंच-दोन इंच इकडंतिकडं करू द्या:

- आतला व्यास साडेचार फूट, म्हणजे काहिलीची कड सगळीकडं तीन इंच भिंतीवर बसते
- जाळी २ फूट बाय २ फूट, बिडाच्या पट्ट्यांची, फट अर्ध्या इंचाची
- जाळीपासून काहिलीच्या बुडापर्यंत सव्वादोन फूट
- जाळीखाली राखखड्डा दीड फूट, पुढून हवेला उघडा
- जळणाचं तोंड एक फूट चौरस, लोखंडी झाकणासह
- धुराडं जळणाच्या तोंडाच्या समोरच्या बाजूला, आतून नऊ इंच, उंची १२ ते १५ फूट, त्यात झडप

जाळी चुकवू नका. जुन्या पद्धतीत चिपाड जमिनीवरच जळतं, त्याला खालून हवा मिळत नाही आणि अर्धवट जळलेला कोळसा राखेबरोबर बाहेर पडतो. जाळीच्या मागच्या टोकाला, धुराड्याच्या तोंडाआधी, विटांची एक आडवी भिंत दीड फूट उंच घ्या. ती ज्वाळेला काहिलीच्या बुडाला घासून पुढं जायला लावते. ही भिंत नसेल तर ज्वाळ सरळ धुराड्यात शिरते आणि रात्री धुराड्याच्या तोंडावर जाळ दिसतो. काही जण तो बघून चुलवाण जोरात चाललंय असं समजतात. तो तुमचा गूळ जळतोय.

धुराड्याकडं जाणाऱ्या वाटेवर दुसरी लहान काहील बसवता आली तर जरूर बसवा. पुढच्या आधणाचा रस वाया जाणाऱ्या आचेवर कोमट होऊन तयार राहतो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेनं दोन आणि तीन काहिलींची चुलवाणं याच तत्त्वावर दिली आहेत, शिवाय काहिलीच्या बुडाला पट्ट्या जोडून आच जास्त घेण्याची पद्धतही. स्थानिक वेल्डर अशा पट्ट्या जोडून देतो. पंख्यासकट तयार लोखंडी चुलवाण विकणारे आजकाल गावोगाव फिरतात. ओल्या चिपाडावर पंखा लावला तरी पाणी पाणीच राहतं, वर विजेचं बिल येतं.

भिंत नऊ इंची, साध्या पक्क्या विटांची, जाळीभोवती आणि आडव्या भिंतीला आच सोसणाऱ्या भट्टीच्या विटा. चुन्या-सिमेंटचं काम आतून करू नका, आचेनं पोपडे सुटतात. तांबडी माती, चाळलेली राख, शेण आणि चिपाडाचा भुसा भिजवून दोन दिवस मुरवा, त्यातच बांधा आणि त्यानंच लिंपा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. लिंपण झालं की सात-आठ दिवस सावलीत सुकू द्या. मग तीन दिवस रोज संध्याकाळी फक्त काटक्यांचा बारीक जाळ, काहील न ठेवता. पहिल्या दिवशी भिंतीतून वाफ निघताना दिसेल आणि हाताला ओल लागेल. चौथ्या दिवशी जाळ वाढवा. बाहेरच्या भिंतीला तळहात लावून बघा, ती कोरडी आणि सगळीकडं सारखी कोमट लागली तर चुलवाण तयार. एखाद्या जागी गार लागलं तर तिथं अजून पाणी आहे. जुन्या चुलवाणालाही हेच करा. चार महिन्यांचा पाऊस त्यानंही प्यालेला असतो.

चिपाड

हिशेब साधा आहे. अर्ध्या टन उसातून ओलं चिपाड निघतं २०० किलोच्या आसपास, वाळून उरतं ११०-१२० किलो. एक किलो गुळाला साधारण दोन ते अडीच किलो वाळलं चिपाड लागतं. म्हणजे चुलवाण आणि जळण कोरडं असेल तर त्या उसाचं चिपाड त्याच गुळाला पुरतं. ओलं जाळलं की लाकूड विकत आणावं लागतं. काही ठिकाणी तर टायर जाळतात, ते कुणीही करू नये. तो धूर माणसाला लागतो आणि उघड्या काहिलीवरही बसतो.

पण पहिल्या आधणाला आजचं चिपाड कामाचं नाही, ते वाळायला तीन उन्हं लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांचं जळण गेल्या हंगामातलंच हवं आणि ते जूनपासून छपराखाली हवं होतं. ज्यांची गंजी उघड्यावर भिजली त्यांनी आज, उघडीप मिळताच:

- गंजी फोडा, आतलं काळं कुजलेलं बाजूला काढा, ते खतात जाईल
- बाकीचं वीतभर थरात पसरा, दिवसातून दोनदा उलथा
- संध्याकाळी गोळा करून ताडपत्री, खाली लाकडं किंवा दगड
- मूठभर घेऊन पिरगळा, कडकड मोडलं तर वाळलं, वाकलं तर आणखी एक ऊन
- गंजी चुलवाणापासून पन्नास फुटांवर, वारा जिकडून येतो त्या अंगाला

ढगाळ हवा राहिली तर एक जुना उपाय करा. उद्याचं जळण आज रात्री विझत्या चुलवाणाच्या गरम भिंतीबाहेर, हातभर अंतरावर रचा. जाळ पूर्ण निवल्याशिवाय नाही, आणि रात्री एक माणूस जागा हवा.

बाकीची कामं

- ऊस: को ९२००५, को ८०१४, कोसी ६७१ गुळाला चांगले, वाढे, मुळ्या, पाचट काढून
- तोडल्यापासून सहा ते बारा तासांत गाळप, २४ तासांवर नाही
- रस दोनदा गाळून लगेच काहिलीत
- पहिली काळी मळी (रसावर तरंगून येणारी घाण) उकळी फुटण्याआधी काढणं
- चुन्याची निवळी: सामू ६ च्या थोडा वर येईपर्यंत, कागदी पट्टीवर बघून
- रानभेंडी ठेचून तिचा चिकट रस: हजार लिटरला भेंडी दोन किलोच्या आसपास, म्हणजे ३०० लिटरला ६०० ग्रॅम
- फेस वर आला की शेंगदाण्याच्या किंवा एरंडाच्या तेलाचे चार थेंब
- काकवी १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवणं, गुळाचा पाक ११८ अंशांना
- थर्मामीटर नसेल तर गोळी: गार पाण्यात घट्ट व्हावी, काहिलीच्या कडेवर मारल्यावर टणकन वाजावी

चुना अंदाजानं ओतू नका. जास्त झाला की गूळ काळपट आणि खारट येतो. भेंडी बांधावर लावून ठेवा, विकत घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

हायड्रॉसची पुडी हा हंगाम सुरू झाला की दुकानातून स्वतःहून पुढं येते. ते सोडियम हायड्रोसल्फाइट आहे. रंग सुरुवातीला पिवळा दिसतो, मग माल काळवंडतो आणि गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या पुडीमुळं नव्हे. पुडीची गरज पडते तेव्हा समजा की आच कमी पडली होती. कोरड्या चुलवाणावर अडीच तासांत उतरलेला गूळ तांबूस सोनेरी येतो, आणि गिऱ्हाईकाला तो का तसा आहे हे एकदा सांगितलं की पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक आधी फोन करतं.

पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितला असेल तर ऊसतोड धरू नका. फडात उभा ऊस चार दिवस थांबतो, तोडलेला थांबत नाही. राखखड्ड्यावर पत्रा टाका, धुराड्याच्या तोंडावर उलटी पाटी ठेवा, चराचं तोंड मोकळं आहे का ते पाऊस चालू असतानाच जाऊन बघा. उघडीप झाल्यावर पुन्हा एक दिवस काटक्यांचा जाळ. मग काहिलीत रसाऐवजी शंभर लिटर पाणी घालून चुलवाण पेटवा आणि घड्याळ लावा. वीस मिनिटांत सगळ्या बाजूंनी सारखी उकळी फुटली तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता लावायला हरकत नाही. एकाच अंगाला उकळत असेल तर आडवी भिंत आणि जाळीवरची राख बघा. अर्ध्या तासानंतरही नुसतं कोमट असेल तर तोडणीच्या टोळीला आणखी दोन दिवस थांबायला सांगा, त्यांचा चहापाण्याचा खर्च आधणापेक्षा स्वस्त पडतो.