कंपनीने कमी केलं? राजीनाम्यावर सही करण्याआधी या चुका टाळा

दुपारी साडेचारला मीटिंगचं बोलावणं येतं. आत एचआर, तुमचा मॅनेजर आणि टेबलावर आधीच छापून ठेवलेला एक कागद. "वरून माणसं कमी करायला सांगितलंय. राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, नाहीतर टर्मिनेशन दाखवावं लागेल." हातपाय गार पडलेला माणूस पाच मिनिटांत सही करून मोकळा होतो. बाकी सगळ्या चुका एका पारड्यात टाकल्या, तरी ही एकच जड भरेल.

राजीनामा दिलात म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही आपण होऊन गेलात. कपातीची, म्हणजे जागा कमी करून काढल्याबद्दलची, नुकसानभरपाई तिथेच संपली. वर नोटीस पीरियड भरला नाही म्हणून तुमच्याच पगारातून कापून घेणारेही भेटतात. रेकॉर्डची भीती तर निव्वळ बागुलबुवा आहे. गैरवर्तनासाठी काढणं वेगळं आणि जागाच कमी झाली म्हणून काढणं वेगळं. दुसऱ्यात तुमच्यावर कसलाही ठपका नसतो. तेव्हा एवढंच म्हणा: "कंपनी मला कमी करत असेल, तर कारणासकट तसं लेखी द्या. कागद वाचायला मला दोन दिवस हवेत."

सही होऊन गेली असेल तर? त्याच रात्री स्वतःच्या ईमेलवरून एचआरला लिहा: किती वाजता बोलावलं, कोण काय म्हणालं, सही कशी घेतली. राजीनामा अजून स्वीकारलेला नसेल तर त्याच मेलमध्ये तो मागे घ्या. महिन्याभराने लिहिलेल्या मेलला ते वजन राहत नाही.

"मी तर आयटीत, मला कसला कामगार कायदा?"

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. भरपाईच्या हिशेबाचा गाभा मात्र तोच राहिला. तांत्रिक आणि कारकुनी काम करणारेही यात कामगारच. प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे सुपरवायझर वगळलेले आहेत. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. हाताखाली माणसं आहेत का, रजा मंजूर करायचा अधिकार आहे का, हे पाहिलं जातं. खरोखरच व्यवस्थापक असाल, तर नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम हाच तुमचा मुख्य आधार.

पॅकेजच्या आकड्याला भुलणं

"साडेचार लाखांचं पॅकेज देतोय" ऐकायला बरं वाटतं. आता ते फोडून बघा. समजा सेवा ७ वर्षं ८ महिने आणि वेतन ४०,००० रुपये. सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ८ वर्षं. कपातीची भरपाई दर वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे सरळ अर्धा महिना: ८ गुणिले २०,०००, झाले १,६०,०००. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तिचे ४०,०००. ग्रॅच्युइटी वेगळी, आणि तिथे भागाकार २६ ने होतो: ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ८, म्हणजे सुमारे १,८४,६१५. एकूण ३,८४,६१५. यात शिल्लक रजेचे पैसे मिळवा, की ते 'पॅकेज' म्हणजे बहुतांशी तुमचाच पैसा तुम्हाला गिफ्ट रॅपमध्ये बांधून दिलेला निघतो. म्हणून प्रत्येक रकमेपुढे तिचं नाव लिहून मागा. करासाठीही नाव महत्त्वाचं: कामगाराला मिळालेल्या कपातीच्या भरपाईला ५ लाखांच्या मर्यादेत सूट आहे, राजीनाम्यानंतर 'सानुग्रह', म्हणजे कंपनीने मर्जीने, म्हणून दिलेल्या रकमेला ती मिळत नाही.

पत्रात 'ले-ऑफ' लिहिलं असेल तर थांबा. बोलताना आपण सगळ्यालाच लेऑफ म्हणतो, पण कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम नसणं. नोकरी चालूच आणि पात्र कामगाराला मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे. नोकरी संपत असेल तर पत्रात 'कपात' हा शब्द हवा.

तारीख न पाहणं

ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात. मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्ष. तुमची पाच वर्षं वीस दिवसांनी भरत असतील आणि कंपनी नोटीसऐवजी पैसे देऊन आजच सेवा संपवत असेल, तर नोटीस काळ कामावर दाखवा अशी मागणी करा. आधी शेवटच्या दिवसाची तारीख बघा, रक्कम नंतर.

तीनशे किंवा अधिक कामगारांचा कारखाना, खाण किंवा मळा असेल तर कपातीसाठी तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची आगाऊ परवानगी लागते. मर्यादा पूर्वी शंभर होती.

लॉगिन बऱ्याचदा मीटिंग संपायच्या आतच बंद होतं. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, वाढीची पत्रं, रजेची शिल्लक आधीच घरच्या मेलवर असू द्या. फक्त स्वतःचे कागद. कंपनीची फाइल चुकूनही पाठवलीत तर तेच तुमच्यावर उलटेल.

फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, पावतीवर 'यापुढे कोणताही दावा नाही' असं छापलेलं असतं. सहीच्या शेजारी 'हक्क राखून स्वीकारले' आणि तारीख लिहा, फोटो काढा. वेतन संहितेनुसार थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं, 'पुढच्या पगाराबरोबर' नाही. कपातीबद्दलच वाद असेल तर कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण कपातीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती, तेव्हा कोणी तीन सांगितली तर विसंबून राहू नका.