कागद मिटल्यावर: शास्त्रीय ट्रम्पेटवाल्याने जॅझची उपज कशी शिकावी

मी बावीस वर्षं ट्रम्पेट वाजवतोय. त्यातली पहिली चौदा फक्त कागदावरून. हायडनचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो तोंडपाठ होता, ट्रिपल टंगिंग (जिभेचे झपाट्याने तीन-तीन ठोके) सफाईने यायचं. एका संध्याकाळी बेस वाजवणारा मित्र म्हणाला, "बी फ्लॅट ब्लूज घेऊ, ये." ब्लूजच्या एका फेरीचे बारा बार (चार-चार बीटचे तुकडे) आले आणि गेले, माझ्या ट्रम्पेटमधून एक सूर निघाला नाही. ओठ तयार होते, श्वास भरलेला होता. वाजवायचं काय, तेच आत नव्हतं.

नंतरची आठ वर्षं मी हेच, म्हणजे कागदाशिवाय आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, शिकतोय. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न, काहीही वाजवत असाल आणि तालीम पाश्चात्त्य शास्त्रीय असेल, तर तुमची अडचण तंत्राची नाही. आपली बोटं डोळ्यांचं ऐकतात. त्यांना कानाचं ऐकायला लावायचं, एवढंच काम आहे, आणि ते वेळ खातं.

सुरुवातीचा आठवडाभर जॅझ वाजवूच नका. लहानपणापासून डोक्यात असलेलं एखादं साधं गाणं घ्या आणि कुठेही न लिहिता वाजवा. मग तेच दुसऱ्या सुरावरून, मग तिसऱ्या. फ्लॅट-शार्प मोजत बसू नका. आधी गुणगुणा, मग फुंका. चौथ्या-पाचव्या पट्टीत बोटं अडखळतील. तिथेच थांबून तो एक सूर गळ्यातून पुन्हा काढा. आम्हा ब्रासवाल्यांना तसंही सूर आधी मनात ऐकावा लागतो, नाहीतर ओठ भलत्याच हार्मोनिकवर, म्हणजे त्याच बोटांवर निघणाऱ्या दुसऱ्या सुरावर, जातात. म्हणजे ही सवय आपल्याकडे अर्धी आहेच.

त्यानंतर एक सोलो, म्हणजे एका वादकाची उपज, निवडा. एकच. मी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'सो व्हॉट' घेतला, १९५९ सालचा. त्यात सोळा बार डी डोरियन (डीपासून डीपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्यांचं स्केल), आठ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी, एवढाच आराखडा आहे. सोलो बहुतेक मधल्या पट्टीत फिरतो आणि त्यात जागा भरपूर आहे. तो रेकॉर्डिंगसोबत इतका गा, की रेकॉर्डिंग बंद केल्यावरही विश्रांतीसकट गाता येईल. मगच वाद्य हातात घ्या. तयार लिहिलेला सोलो मिळतो, पण तो घेऊ नका. तो वाचलात की पुन्हा डोळ्यांचा कारभार सुरू. मला पहिले आठ बार कानाने काढायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत जे शिकलो ते कुठल्याही स्केलच्या वहीत नव्हतं: माइल्स सूर कुठे सोडतो, किती लवकर सोडतो, पुढचा उचलायला किती थांबतो.

आता जिभेचं. आपण शास्त्रीय वाजवतोय हे जॅझवाल्यांना पहिल्या दोन बारांत कळतं, ते जिभेमुळेच. आपली जीभ "टा" म्हणते आणि बीटवर ठोका देते. जॅझमध्ये ती "डा"च्या जवळ, मऊ हवी, आणि जोर दोन बीटच्या मधल्या सुराला. असं करून बघा: सी, डी, ई, एफ, जी, सलग एट्थ नोट्स, म्हणजे एका बीटला दोन सूर. सीला जीभ लावा. डीला पुन्हा लावा, पण तिथून ईवर न तोडता जा. एफला जीभ, तिथून जीवर तसंच सरका. म्हणजे दर वेळी जीभ ऑफबीटवर पडते आणि बीटवरचा सूर स्लरमध्ये येतो. सुरुवातीला हे डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाटतं. रोज दहा मिनिटं, सगळ्या स्केलवर. आणि कृपा करून स्विंग म्हणजे डॉटेड एट्थ आणि सिक्स्टीन्थ (लांबी तीनास एक) असं वाजवू नका, त्याने घोड्याची दुडकी चाल येते. मध्यम लयीत ते ट्रिपलेटच्या (दोनास एक) आसपास असतं, लय वाढली की जवळजवळ समान होतं. नेमकं किती, हे रेकॉर्डिंगच सांगतं.

मेट्रोनोम ६०वर लावा आणि त्याच्या ठोक्यांना बारातला दुसरा आणि चौथा बीट म्हणा. म्हणजे लय झाली १२०, आणि एक-तीन तुमचे तुम्ही सांभाळायचे.

कॉर्डबद्दल, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांबद्दल, पुस्तकं वाचून मी वर्षभर गोंधळलो होतो. प्रत्येक कॉर्डला कुठलं स्केल, याचे तक्ते पाठ केले, आणि सोलो ऐकायला स्केलच्या रियाजासारखाच लागायचा. सुटका झाली ती तीन सुरांनी. मित्र बी फ्लॅट ब्लूज म्हणतो तेव्हा बी फ्लॅट ट्रम्पेटला तो सी असतो, कारण या ट्रम्पेटवर लिहिलेला सी ऐकू येतो बी फ्लॅट. (एफ हॉर्नला एफ, ट्रॉम्बोनवाल्यांना काही बदलावं लागत नाही.) स्टाफच्या (स्वरलिपीच्या पाच रेषांच्या) सगळ्यात खालच्या रेषेवरचा ई घ्या, एक-दोन व्हॉल्व्ह. चार बार तोच धरा, हा सी सेव्हन या कॉर्डमधला, सीपासून तिसरा सूर. पाचव्या बारात एफ सेव्हन येतो, तेव्हा अर्ध्या सुराने खाली ई फ्लॅटवर, दोन-तीन व्हॉल्व्ह, दोन बार. सातव्या-आठव्याला परत ई. नवव्यात जी सेव्हन, तिथे एफ, फक्त पहिला व्हॉल्व्ह. दहाव्याला ई फ्लॅट, शेवटच्या दोन बारांना ई. संपलं. एवढं बेससोबत वाजवा. पाचव्या बाराला तो सूर खाली सरकतो तेव्हा अख्खी खोली वळल्यासारखी वाटते. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा वाद्य खाली ठेवून नुसता बसलो होतो. मग याच तीन सुरांना ताल द्या: लहान करा, उशिरा आणा, खालून अर्ध्या सुराने चढून या. सी सेव्हनचा बी फ्लॅट, एफ सेव्हनचा ए, जी सेव्हनचा बी, ही दुसरी ओळ आठवडाभराने जोडा.

दोन बार वाजवा, दोन बार गप्प राहा. गप्प असताना पुढचं वाक्य मनात गा. ओठांना उसंत मिळते हा वेगळा फायदा. भीती वाटली की आपण वरच्या पट्टीत पळतो, कारण तिथे टाळ्या मिळतात हे ठाऊक असतं. पहिले सहा महिने स्टाफच्या वर जाऊच नका. सूर चुकला तर थांबायचं नाही. बरोबर सूर बहुतेक वेळा अर्ध्या सुरावर असतो, तिकडे सरका आणि वाक्य पुरं करा.

शास्त्रीय रियाज सोडू नका. लाँग टोन्स (लांब धरलेले सूर), लिप स्लर (फक्त ओठांनी सूर बदलणं) आधी होते तसेच. ट्रम्पेटवादक विन्टन मार्सालिसला १९८४च्या ग्रॅमी समारंभात जॅझ आणि शास्त्रीय, दोन्हींसाठी पुरस्कार मिळाले. एका तोंडात दोन भाषा राहतात.

मी मात्र एक गोष्ट बदलली. १७९६च्या त्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात हायडनने कॅडेन्झा (ऑर्केस्ट्रा थांबल्यावर वादकाने एकट्याने वाजवायचा भाग) लिहिलेला नाही, वादकासाठी जागा मोकळी सोडली आहे. चौदा वर्षं मी तिथे दुसऱ्याने लिहिलेला कॅडेन्झा वाजवत होतो. आता तिथे पोचलो की त्या भागातल्याच एखाद्या धुनेचे दोन-तीन सूर मनात गातो आणि तिथून निघतो. दर वेळी वेगळा येतो, आणि मागच्या महिन्यात तो पहिल्यांदाच, शेवटच्या ट्रिलपर्यंत, न अडखळता आला.