डोळ्यांचे ड्रॉप घेताना खिसा कसा वाचवायचा

एसी ऑफिस, दिवसभर स्क्रीन, वर लोकलच्या दारातला वारा, डोळे कोरडे पडणारच, मग मेडिकलवाल्याकडे जाऊन नुसतं "ड्रॉप द्या" म्हटलं की तो महागडा ब्रँड काढतो आणि १० मिलीच्या एवढ्याशा बाटलीचं बिल बघून धक्काच बसतो. तसं नका करू. बाटलीवर औषधाचं नाव वाचा, कोरडेपणासाठी बहुतेकदा कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के असतं, ते नाव सांगून जेनेरिक मागा, जवळच्या जनऔषधी केंद्रातही विचारा, तिथे बरंच स्वस्त पडतं.

आणि एका वेळी एकच थेंब हो! डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा थेंब गालावरून वाहून जातो, म्हणजे पैसेच वाहिले. खालची पापणी ओढून थेंब टाका, मिनिटभर डोळे मिटा. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकायची असते, म्हणून झाकणावर तारीख लिहा, स्वस्त पडते म्हणून मोठी बाटली घेऊ नका.

एक मात्र कळकळीने सांगते, डोळे लाल झाले म्हणून स्टेरॉइडचे ड्रॉप स्वतःहून अजिबात नको, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुखत असेल, अंधुक दिसत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.