पॅकेज बसवताना स्क्रिप्ट पासवर्डपाशी अडू नये म्हणून

इंदूरमधील एका संगणक प्रयोगशाळेत 30 यंत्रांवर एकामागून एक पॅकेजे (सॉफ्टवेअरचे संच) बसवण्याचे काम मी एका रात्री स्क्रिप्टवर (आज्ञांच्या फाइलीवर) सोपवले आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत जेवायला गेलो. परतलो तेव्हा पहिल्याच यंत्रावर एलडॅपच्या (वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) प्रशासकाचा पासवर्ड विचारणारी चौकट उघडी होती आणि उरलेली 29 यंत्रे तशीच पडून होती. आज्ञेत ‘-वाय’ होते. परंतु ते केवळ ॲप्ट या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या ‘पुढे जाऊ का?’ या प्रश्नाला होकार देते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये पॅकेजचे स्वतःचे प्रश्न डेबकॉन्फ नावाचे वेगळे साधन विचारते.

पुष्कळजण ‘डेबियन_फ्रंटएंड’ या व्हेरिएबलला (प्रोग्राम वाचतो त्या सेटिंगला) ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ हे मूल्य देऊन मोकळे होतात. त्याने प्रश्न दिसेनासा होतो, पण त्याचे उत्तर दिले जात नाही. डेबकॉन्फ ठरावीक मूल्य धरून पुढे जाते आणि पासवर्डच्या बाबतीत ते बहुधा रिकामे असते. म्हणून उत्तरे आधीच भरून ठेवावीत. एका फाइलीत प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ लिहावी, आणि तीत पॅकेजचे नाव, प्रश्नाचे नाव, प्रकार व उत्तर या क्रमाने द्यावे. एलडॅपचा सर्व्हर बसवणारे ‘स्लॅपडी’ हे पॅकेज पासवर्ड दोनदा विचारते, त्यामुळे ‘स्लॅपडी/पासवर्ड1’ आणि ‘स्लॅपडी/पासवर्ड2’ या दोन्हींच्या ओळी हव्यात. प्रश्नांची नेमकी नावे ठाऊक नसल्यास एका यंत्रावर पॅकेज हाताने बसवून ‘डेबकॉन्फ-शो’ चालवावे. ही फाइल पॅकेज बसवण्यापूर्वीच ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ला द्यावी.

सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे साधन) सहसा आधीची व्हेरिएबल्स पुढे जाऊ देत नाही. तेव्हा वरील व्हेरिएबल आज्ञेत सुडोच्या नंतर लिहावे. सुडोनेच पासवर्ड मागू नये यासाठी ‘-एन’ जोडावे, म्हणजे ते वाट पाहत न बसता चूक दाखवून थांबते. बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइलीविषयीचा प्रश्न डीपॅकेज (ॲप्टच्या खाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारे साधन) स्वतः विचारते. जुनी फाइल राखायची असल्यास ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ द्यावे.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये, कारण स्क्रिप्टच्या प्रती कोठे कोठे जातात याचा हिशेब राहत नाही. एखाद्या प्रोग्रामला तो आज्ञेच्या ओळीतूनही देऊ नये. प्रोग्राम चालू असेपर्यंत ‘पीएस’ या चालू प्रोग्रामांची यादी देणाऱ्या आज्ञेतून तो त्या यंत्रावरील इतरांना वाचता येऊ शकतो. उत्तरांची फाइल रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) मालकीची ठेवून तिला 600 परवानगी (केवळ मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्यावी, आणि पॅकेज बसताच स्क्रिप्टच्या पुढच्याच ओळीत ती पुसून टाकावी.